कुत्र्याच्या वृषणातली गाठ: सुईने तपासावी की काढूनच?

सेमिनोमा (शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशींची गाठ), सर्टोली (शुक्रजंतूंना पोसणाऱ्या) आणि लेडिग (संप्रेरक बनवणाऱ्या) पेशींच्या गाठी नेहमीच्या. टेराटोमा (वेगवेगळ्या ऊतींची गाठ) किंवा रेटे टेस्टिसचा (वृषणातल्या बारीक नलिकांच्या जाळ्याचा) कॅन्सर क्वचितच दिसतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

सुईने पेशी ओढून स्लाइडवर पाहायची तपासणी स्वस्त, बहुधा भूल न देता होणारी. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र स्लाइड हळू वाळते, पेशी आक्रसतात. लगेच पंख्याखाली धरावी. फॉर्मॅलिनची (ऊती टिकवायच्या द्रावाची) बाटली जवळ नको, नुसत्या वाफेनेही रंग नीट चढत नाही. शिवाय सुईत येतात सुट्या पेशी, ऊतीची रचना नाही. मिश्र गाठीचा एकच भाग हाती लागला तर निदान चुकतं.

म्हणून आमचा कौल वृषण काढून बायोप्सीला. वृषणावरचं पांढरं आवरण जाड असतं, फॉर्मॅलिन आत शिरत नाही. चीर देऊन, वृषणाच्या दहापट आकारमानाच्या, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, नाहीतर मधला भाग सडतो. दुर्मीळ गाठ वाटली तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांनी पेशींचा प्रकार ओळखायची तपासणी) मागा.

स्तनाग्रं सुजलीत, दोन्ही कुशींचे केस गळतायत? मग शस्त्रक्रियेआधी रक्त तपासाच. काही गाठी, विशेषतः सर्टोलीच्या, इस्ट्रोजेन हे मादी संप्रेरक बनवतात; त्यामुळे अस्थिमज्जा दबते, प्लेटलेट घटतात, रक्तस्राव जिवावर बेततो. गाठ पसरली का पाहायला छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफीही हवी. न उतरलेलं वृषण पोटात किंवा जांघेत सापडू शकतं.