भाडं तेवढंच ठेवावं, की वाढवून घरात घालावं?

बेळगावात वडगावला किंवा अनगोळात वरचा मजला भाड्यानं दिलाय, कराराचे अकरा महिने पुढच्या महिन्यात संपताहेत, आणि जिना उतरता उतरता भाडेकरू विचारतो, "काका, यंदा वाढवणार की काय?" माणूस चांगला. पाच तारखेच्या आत भाडं, शेजाऱ्यांशी तंटा नाही. तो जाऊ नये असं वाटतं. मग मालकापुढं दोन वाटा असतात. भाडं आहे तेवढंच ठेवायचं, किंवा थोडं वाढवायचं आणि ती वाढ घराच्या कामात घालायची. मी दोन्ही करून बघितलंय.

आधी हिशेब. भाडं समजा 9,000 आहे. 5 टक्के वाढ म्हणजे महिना 450, वर्षाला 5,400. वाढ सोडली की तेवढे पैसे गेले, आणि पुढची वाढ कधी केलीच तर ती जुन्याच आकड्यावर. उलट हाव धरून 10 टक्के मागितले, तर वर्षाला 10,800 जास्त मिळतील. पण तेवढ्यावरून तो गेला आणि घर दीड महिना मोकळं पडलं, तर 13,500 बुडाले. दलाल आणि रंगकाम वेगळंच. तेव्हा 10 टक्क्यांचा विचार मी इथंच सोडतो.

पहिल्या वाटेचा माझा अनुभव असा. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणारं एक कुटुंब माझ्याकडं होतं. तीन वर्षं एक रुपया वाढवला नाही. चौथ्या वर्षी त्यांनी घर सोडलं, तेही माझ्यापेक्षा हजार रुपये महाग जागेसाठी. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाड्याचं काही नाही हो काका. पावसात कपडे वाळत नाहीत, आणि लाइट बिलाचा दर महिन्याला हिशेब मांडायचा कंटाळा आला." सामान हलल्यावर वर गेलो. मोरीतल्या नळाला चिंधी बांधलेली, खाली बादली, आणि पश्चिमेच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. नळाचं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी "बघूया की" म्हणालो होतो.

आता दुसरी वाट, वाढ घरात घालायची. बेळगावचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला कपड्यांचं दुखणं समजावून सांगायला नको. जून ते ऑगस्ट खोल्यांतून दोऱ्या बांधलेल्या आणि पोरांचे गणवेश पंख्याखाली. गच्चीवर एका कोपऱ्यात पत्रा टाकून दोन दोऱ्या बांधल्या की बाईमाणसाचा अर्धा वैताग जातो. दोन वर्षांच्या वाढीत पत्राही बसतो आणि नळही बदलून होतो. ओलीच्या भिंतीला मात्र बाहेरूनच काम करावं लागतं, आतून रंग मारून झाकलेली ओल पुढच्या जुलैत परत वर येते.

विजेचं काम जास्त किचकट, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. महिना 200 युनिटांपर्यंत वीजबिलात सवलत देणारी कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना जुलै 2023 पासून चालू आहे, भाडेकरूंनाही लागू आहे, पण ती मीटरप्रमाणं मिळते. खाली तुमचा एकच मीटर आणि वरच्यांना सब-मीटर असेल तर दोन कुटुंबांची युनिटं एकाच बिलात पडतात. 200 च्या वर गेली की अख्खं बिल भरायचं, आणि मग कुणामुळं गेली यावरून तोंडं वाकडी. हेस्कॉमकडं, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडं, अर्ज करून वरच्या मजल्याला स्वतंत्र मीटर घेतला की हे संपतं. लगेच शून्य बिल येईल असं भाडेकरूला सांगू नका. सवलत 2022-23 च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरते, आणि ज्या मीटरला तेवढी मागची नोंद नाही त्याला 53 युनिटं सरासरी धरून 58 मिळतात. त्याहून जास्त जळालेल्या युनिटांचे पैसे त्यानं भरायचे. तरीही स्वतःच्या नावावरची सवलत आणि स्वतःचं बिल हाती आलं की माणूस घर सोडताना दोनदा विचार करतो. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं असेल तर सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर ते सुटं करून घ्यायला लावा, नाहीतर नव्याचा अर्ज अडतो.

मग भाडं तेवढंच ठेवणं कधी बरं? घर कोरडं आहे, मीटर वेगळा आहे, आणि तुमच्या गल्लीत दर चौथ्या घरावर टू-लेटची पाटी आहे, तेव्हा. किंवा त्या घरात यंदा आजारपण झालं असेल तेव्हा, मग हिशेब बाजूला. मेडिकल-इंजिनिअरिंगची पोरं किंवा बदलीवर आलेली लष्करी कुटुंबं असतील तर दोन्ही वाटा सारख्याच. कोर्स संपला, बदली आली की ती जाणारच. इन्कम टॅक्सची आशा दुरुस्तीला जोडू नका. घरपट्टी वजा जाता भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती केली काय, न केली काय.

करार अकरा महिन्यांचाच ठेवून दर वेळी 5 टक्के वाढ आणि कुठली दुरुस्ती कुणाची, हे त्यात लिहून टाकलं तरी भागतं. एक वर्षाच्या वरचा करार सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावा लागतो, तीन वर्षांची शाश्वती दोघांनाही हवी असेल तरच ती खटपट करा. कागद कन्नडात टाइप झाला असेल तर सही करण्याआधी एकदा मराठीत वाचून घ्या. वाढीची ओळ कुठली आणि डिपॉझिटची कुठली, हे दोघांनाही ठाऊक असलेलं बरं.

कुणी सुचवेल की लीजवरच देऊन टाका, एकरकमी घ्या, महिन्याचं भाडंच नको. त्यात माणूस दोन-तीन वर्षं हलत नाही हे खरं. पण मुदत संपली की सगळी रक्कम एका दिवसात परत द्यायची असते, आणि ती तोवर पोरीच्या लग्नात नाहीतर दुसऱ्या प्लॉटात गेलेली असते.