क्रिप्टो प्रकल्पाच्या प्रसिद्धीचे काम: मोबदल्याच्या चार पद्धतींची तुलना

मराठीत गुंतवणुकीवर व्हिडिओ करणाऱ्या किंवा लहानशी जाहिरातसंस्था चालवणाऱ्या माणसाकडे क्रिप्टो प्रकल्पाचे काम येते, तेव्हा सोबतच्या कागदांत तंत्रज्ञानाबद्दल पानेच्या पाने असतात आणि मोबदल्याबद्दल दोन-तीन ओळी. काम घ्यावे की नाही हे ठरवताना बहुतेक जण ती पानेच वाचत बसतात. माझ्या मते आधी त्या दोन-तीन ओळी वाचाव्यात, कारण प्रसिद्धी करणाऱ्याचे हित आणि ती पाहून पैसे घालणाऱ्याचे हित यांची फारकत कोठे होते, ते तेथेच कळते. मोबदला साधारणपणे चार प्रकारे दिला जातो: ठरावीक मानधन, रेफरल कमिशन (आपल्या दुव्यावरून ग्राहक आणल्याबद्दलचे पैसे), प्रकल्पाचीच टोकन (त्याने स्वतः काढलेली क्रिप्टो नाणी) आणि साखळी पद्धतीतला, म्हणजे आपल्याखाली सदस्य जोडत गेल्याबद्दलचा हिस्सा.

साखळीचा प्रकार आधीच बाजूला काढतो, कारण त्याबाबत तुलना करण्यासारखे फारसे काही नाही. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत, तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन होते. म्हणजे एका बिटकॉइनचे दीड वर्षात १.८ बिटकॉइन परत मिळायचे होते. बिटकॉइनच्या मायनिंगमधून (संगणक चालवून नवी नाणी मिळवण्याच्या कामातून) असा ठरलेला परतावा कोणालाही देता येत नाही, आणि हे समजण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नव्हती. या योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली आणि वेगवेगळ्या राज्यांत नोंदलेल्या गुन्ह्यांचा तपास पुढे सीबीआयकडे गेला. अशा योजनांत माल विकणारा माणूस बहुधा नात्यातला, कार्यालयातला किंवा सोसायटीतला असतो आणि फसवणूक झाल्यावर दारात उभे राहणारे लोकही तेच असतात. पैशांच्या साखळी योजनांवर भारतात १९७८ पासूनच कायद्याने बंदी आहे. ‘तुमच्याखाली किती सदस्य’ असा उल्लेख प्रस्तावात दिसला की पुढचे वाचण्याचे कारण उरत नाही.

उरलेल्या तिन्हींत ठरावीक मानधन वरवर सर्वांत स्वच्छ दिसते. पैसे आधी ठरलेले असतात, नाण्याचा भाव वर गेला काय किंवा खाली आला काय, त्यात फरक पडत नाही, त्यामुळे अतिशयोक्ती करण्याचा थेट मोह कमी असतो. तरीही या पद्धतीत दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला प्रश्न उघड सांगण्याचा आहे. अमेरिकी टीव्हीतारका किम कार्दाशियन हिने जून २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर ‘एथेरियममॅक्स’ या क्रिप्टो प्रकल्पाच्या टोकनबद्दल मजकूर टाकला, तेव्हा त्यात जाहिरात असल्याची हॅशटॅगखूण होती. तेवढ्याने भागले नाही. आपल्याला त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाले हे तिने सांगितले नाही, म्हणून अमेरिकेच्या रोखे आयोगाने कारवाई केली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १२ लाख ६० हजार डॉलर भरून व तीन वर्षे क्रिप्टो रोख्यांची प्रसिद्धी न करण्याचे मान्य करून तिने प्रकरण मिटवले. अमेरिकेच्या कायद्यात रोख्याची प्रसिद्धी करणाऱ्याने मोबदला मिळाल्याचे आणि त्याची रक्कम, अशा दोन्ही गोष्टी सांगायच्या असतात. भारतात रक्कम सांगण्याची सक्ती नसली, तरी नैतिकदृष्ट्या मला अमेरिकेची अट योग्य वाटते. पाच हजार रुपये घेऊन केलेली शिफारस आणि पाच लाख घेऊन केलेली शिफारस प्रेक्षक एकाच नजरेने पाहणार नाही, आणि तो फरक करण्याचा त्याला हक्क आहे.

दुसरा प्रश्न खातरजमेचा आहे. एफटीएक्स या एक्स्चेंजने (क्रिप्टो नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराने) फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरात केली आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याची जाहिरात करणारे नामवंत चेहरे मोबदला घेऊनच काम करत होते, काहींना तो कंपनीच्या समभागांतही मिळाला होता. ग्राहकांच्या पैशांचे आत काय चालले आहे, हे त्यांतल्या कोणाला ठाऊक असण्याची शक्यता कमीच होती. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातून सुटका आहे ती योग्य ती पडताळणी केली होती हे दाखवता येणाऱ्यालाच.

पडताळणी म्हणून हल्ली एक्स्चेंज ‘एफआययूकडे (केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे) नोंदणीकृत’ ही ओळ पुढे करतात आणि जाहिरात लिहिणारेही ती मोठ्या अक्षरांत छापतात. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले, त्यातून ही नोंदणी आली. तिचा संबंध संशयास्पद व्यवहार कळवण्याशी आहे. ग्राहकाची नाणी सुरक्षित आहेत की नाहीत, याबद्दल ती काहीच सांगत नाही. वझीरएक्स अशीच नोंदणी असलेले एक्स्चेंज होते, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या वॉलेटमधून (नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटातून) सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाल्यावर ग्राहकांना आपली रक्कम काढता येईना. नोंदणी नसलेल्या एक्स्चेंजचे काम घेऊच नये, हे खरे. पण असलेली नोंदणी सुरक्षिततेचा शिक्का म्हणून मिरवणे हीसुद्धा दिशाभूलच आहे.

रेफरल कमिशनमध्ये दोन जाती आहेत आणि त्या एकाच मापाने मोजू नयेत. नवीन खाते उघडल्यावर एकदाच ठरावीक रक्कम मिळत असेल, तर ती पद्धत मानधनाच्या जवळची आहे. पण तुमच्या दुव्यावरून आलेल्या ग्राहकाच्या प्रत्येक व्यवहाराच्या शुल्कातला हिस्सा तुम्हाला मिळत राहणार असेल, तर तो जितकी जास्त खरेदी-विक्री करेल तितके तुमचे उत्पन्न वाढते. तो कमावतो की गमावतो, याच्याशी तुमचा संबंध उरत नाही. मग मजकूरही हळूहळू त्या दिशेला सरकतो. ‘ही वस्तू काय आहे’ असे समजावणारा व्हिडिओ मागे पडतो आणि ‘आज हे घ्या, ते विका’ असे रोजचे ‘कॉल’ सुरू होतात. ब्रिटनच्या वित्तीय आचार प्राधिकरणाने ८ ऑक्टोबर २०२३ पासून मित्राला आणल्याबद्दलची बक्षिसे बंद केली आणि प्रथमच गुंतवणूक करणाऱ्याला २४ तास थांबण्याची अट घातली. जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था असलेल्या मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, म्हणजे ॲस्कीने, १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी बंदी नाही. तेथे भर इशाऱ्यावर आहे: हे उत्पादन अनियंत्रित असून अत्यंत जोखमीचे असू शकते आणि तोट्यासाठी नियामकाकडे दाद मागता न येण्याची शक्यता आहे, असा मजकूर छापील जाहिरातीत किमान एक पंचमांश जागेत द्यावा लागतो. बारा महिन्यांहून कमी काळाचा परतावा दाखवण्यासही ती तत्त्वे मनाई करतात.

परताव्याचा विषय निघालाच आहे तर भारतातल्या कराचेही बोलले पाहिजे, कारण मराठी जाहिरातींत तो जवळजवळ नसतोच. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर अधिभार-उपकर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात एक लाख कमावले आणि दुसऱ्यात एक लाख गमावले, तर हाती काहीच आले नाही तरी किमान ३० हजार रुपये कर भरावा लागतो. शिवाय प्रत्येक विक्रीवर साधारणपणे १ टक्का टीडीएस कापला जातो, म्हणजे वारंवार व्यवहार करणाऱ्याचे भांडवल विवरणपत्र भरेपर्यंत अडकून पडते. ही माहिती दडवून वारंवार व्यवहारांना उत्तेजन देणारा आणि त्यातूनच कमिशन खाणारा माणूस एकही खोटे वाक्य न बोलता प्रेक्षकाचे नुकसान करू शकतो. म्हणून शुल्कातल्या हिश्शाचा करार नाकारावा, असेच मी सुचवीन. एकरकमी रेफरल चालेल, पण दुव्याशेजारीच कमिशनची रक्कम लिहून.

टोकनमध्ये मोबदला हा सर्वांत जास्त मोहात पाडणारा प्रस्ताव असतो, आणि तो मांडलाही मोठ्या खुबीने जातो. ‘तुम्हीही आमच्याबरोबर जोखीम घेता, म्हणून लोकांचा तुमच्यावर विश्वास बसेल’ असे सांगितले जाते. हा युक्तिवाद टिकत नाही. खरेदी करणारा खिशातले पैसे घालतो, तुम्हाला टोकन फुकट मिळालेली असतात. त्यामुळे भाव शून्याच्या वर कोठेही असला तरी तुमचा फायदाच आहे, आणि ९० टक्के घसरणीनंतरही तुमच्या हाती काहीतरी उरते. नव्या टोकनमध्ये उलाढाल थोडी असते, म्हणून तुमची टोकन विकत घेणारे लोक बहुधा तुमचेच प्रेक्षक असतात. तुम्ही ज्यांना ‘घ्या’ म्हणता त्यांनाच विकता, आणि त्यांना ते ठाऊक नसते.

लॉक-इनची, म्हणजे ठरावीक काळ टोकन न विकण्याची अट घातली तर प्रश्न सुटेल असे पुष्कळांना वाटते. लगेच विकता येणारी टोकन असतील तर भाव चढवून विकण्याचा मोह असतो. सहा महिने किंवा वर्षभर अडकलेली असतील, तर तेवढा काळ प्रकल्पाबद्दल वाईट बातमी आली तरी गप्प बसण्याचा. दुसरा मोह मला पहिल्याहून घातक वाटतो, कारण त्यात मौन पाळले जाते आणि मौनाबद्दल कोणी तक्रार नोंदवत नाही. तरीही टोकन घ्यायचीच असतील तर एक मार्ग आहे: ज्या वॉलेटमध्ये ती येणार त्याचा पत्ता आणि विक्रीच्या तारखा प्रसिद्धीच्या पहिल्या दिवशीच जाहीर कराव्यात. ब्लॉकचेनवरचे व्यवहार कोणालाही पाहता येतात, त्यामुळे दिलेला शब्द पाळला की नाही, हे प्रेक्षक स्वतः तपासू शकतो. ही अट ऐकल्यावर प्रस्ताव मागे घेणारा प्रकल्प आपली परीक्षा स्वतःच देऊन जातो.

एक्स्चेंजने प्रायोजित केलेली शैक्षणिक मालिका हा कोणी पाचवा प्रकार मानतात. मला तो मानधनाचाच भाग वाटतो. फरक पडतो तो संपादनाच्या हक्काने. चोरीला गेलेली नाणी, कर आणि बुडालेली एक्स्चेंज यांवरचे भाग प्रायोजकाला गाळता येत असतील, तर ते शिक्षण नव्हे.

या तुलनेतून माझा क्रम असा लागतो: रक्कम जाहीर केलेले ठरावीक मानधन, तेही शक्यतो विशिष्ट नाण्यापेक्षा नोंदणीकृत सेवेसाठी, त्यानंतर एकरकमी रेफरल, टोकन केवळ वरच्या अटीवर, शुल्कातला हिस्सा आणि साखळी अजिबात नाही. मानधनाच्या करारातही दोन कलमे मागून घ्यावीत. प्रकल्पाविषयी गंभीर प्रतिकूल माहिती समोर आल्यास ती त्याच माध्यमावर, त्याच ठळकपणे सांगण्याचा हक्क तुमच्याकडे राहावा, आणि तसे केल्याने मानधन परत करावे लागू नये. पैशांबाबत घासाघीस चालते, पण या कलमांवर समोरचा पक्ष अडून बसला, तर सही करू नये.