स्टॅटिन सुरू करायचं का? क्यूरिस्क-3 की अमेरिकन एएससीव्हीडी

ज्यांना अ‍ॅटॅक येऊन गेलाय त्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, द्यायची का हे ठरवायला कॅल्क्युलेटर लागत नाही. पंचाईत होते ती कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या, बाकी धडधाकट माणसाची. त्याला पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची जोखीम किती टक्के, हे ही कॅल्क्युलेटरं सांगतात. मी आधी चारेक वर्षं अमेरिकन (एएससीव्हीडी) कॅल्क्युलेटर वापरलं, आता ब्रिटिशांचं क्यूरिस्क-3 वापरतो.

अमेरिकन चांगलं सुटसुटीत आहे. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असताना पटकन आकडा मिळतो, आणि 7.5 टक्के (मध्यम जोखीम), 20 टक्के (जास्त जोखीम) या पायऱ्या आपल्याला पाठ असतात. वंशाच्या रकान्यात आपण सगळे ‘इतर’, आणि ‘इतर’ म्हणजे गणित गोऱ्यांचंच. त्याचीही सवय झाली होती.

सवय झाली नाही ती बापाच्या अ‍ॅटॅकची.

अडतीस वर्षांचा एक जण आला. वडील 49व्या वर्षी झोपेतच गेलेले, काका बायपासवाले. चाळिशीच्या आत अमेरिकन अ‍ॅप दहा वर्षांची जोखीम काढत नाही, म्हणून मी खोटंच 40 टाकलं (तुम्हीही टाकत असाल). उत्तर आलं, जोखीम कमी. वडिलांचं काय झालं हे अ‍ॅपने विचारलंच नव्हतं. 2018च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत घराण्याचा इतिहास आणि दक्षिण आशियाई वंश दोन्ही जोखीम वाढवणारे म्हणून दिलेत, पण ते डॉक्टरने मनात धरायचे. 2023चं ‘प्रिव्हेंट’ हे नवं अमेरिकन कॅल्क्युलेटर तिशीपासून चालतं आणि त्यातून वंश काढून टाकलाय. वडिलांसाठी रकाना मात्र त्यातही नाही.

क्यूरिस्क 25 वर्षांपासून चालतं. त्यात ‘भारतीय’ असा वेगळा पर्याय आहे, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकार झाला का, हा सरळ प्रश्न आहे. त्याच माणसाची माहिती भरली. टक्का इथेही ब्रिटिशांच्या स्टॅटिनसाठीच्या 10 टक्क्यांच्या रेषेच्या आतच राहिला, ते लपवत नाही. पण शेजारी हृदयाचं वय दिसलं, खऱ्या वयापेक्षा दहाएक वर्षं पुढचं. टक्केवारी ऐकून मान डोलावणारा माणूस ते ऐकल्यावर खुर्चीत सरळ बसला. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) 10 मिलिग्रॅमवर आमचं एकमत झालं, आणि तो अजून फॉलोअपला येतो. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य.

क्यूरिस्कमध्येही कटकट आहे. रकाने बरेच, अगदी मायग्रेनपर्यंत. पोस्टकोड ब्रिटनचा मागतं, तो मी कोरा सोडतो. ‘भारतीय’ म्हणजे तिकडे स्थायिक झालेले, आपल्या तालुक्यातले नव्हेत, त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नये. नेट गेलं की भिंतीवरचा जागतिक आरोग्य संघटनेचा 2019चा दक्षिण आशियाचा जोखमीचा तक्ता आहेच, पण तो पुन्हा चाळिशीपासूनच.

साठीच्या पुढचे, बीपीची गोळी चालू असलेले पेशंटच जास्त येत असतील तर अमेरिकनवरही तुमचं भागेल. माझ्याकडे तिशी-चाळिशीतले जास्त येतात.

तंबाखूचा बार आणि मिसरी मात्र कुणीच विचारत नाही, सगळ्यांना फक्त धूर दिसतो. ते मी केसपेपरवर लाल पेनाने लिहितो.