मुलांची जंगलफेरी: बोरिवली, गोरेगाव की माहीम?

मुलांना जंगल दाखवणाऱ्या फेऱ्या मुंबईत आता भरपूर निघतात आणि बऱ्याच जाहिरातींवर बिबट्या असतो. त्यावरून फेरी निवडू नका. बोलत चालणाऱ्या पंधरा मुलांना दिवसाउजेडी बिबट्या दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरं. आयोजकाला एकच विचारा: हीच वाट वर्षातून पुन्हा दाखवता का? जूनअखेर, ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे अशा चार वेळा त्याच पायवाटेवर नेणारा आयोजक मिळाला तर तोच घ्या. फेब्रुवारीत एकही पान नसलेली, लाल फुलांनी भरलेली काटेसावर मुलाने पाहिली की मे महिन्यात खाली पडलेला कापूस कुठून आला हे त्याला सांगावं लागत नाही.

आता ठिकाणं. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी माहीम-धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उत्तम. मिठी नदीच्या काठची ही ३७ एकर जागा एकेकाळी कचराभूमी होती, आज तिथे दाट झाडी आहे. वाटा सपाट आहेत, फेरी तासाभरात होते, मूल कंटाळलं तर लगेच बाहेर पडता येतं. मात्र हे लावलेलं रान आहे, डोंगर-ओढ्याचं जंगल इथे मिळणार नाही.

गोरेगावला चित्रनगरीच्या आवारात बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, ३३ एकरांचं, राष्ट्रीय उद्यानाला लागून. संस्था १८८३ ची, आणि शिकवण्याची शिस्त इथे दिसते. सहा ते दहा वयाला आमची पहिली पसंती हीच. फुलपाखरांसाठी पावसाळा सरता सरता जा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, म्हणून सकाळी सातऐवजी साडेआठला सुरू होणारी तुकडी घ्या. पक्ष्यांसाठी मात्र सातच.

खरं जंगल बोरिवलीचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे आणि सोमवारी बंद असतं. शिलोंढ्यासारख्या वाटांना आधी परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो, ऐनवेळी दारावर जाऊन जमत नाही. ही वाट ओढ्याकाठची, दगडांची. आठ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये वर डोंगरात पाऊस झाला की खाली ओढा अचानक चढतो. अशा दिवशी फेरी रद्द करणाऱ्या आयोजकावर चिडू नका, त्याला कळतंय म्हणून तो रद्द करतोय.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो मुलांच्या संख्येने. जंगलातली वाट एका माणसापुरती असते. बारा मुलं ओळीने उभी राहिली तर शेवटच्या मुलापर्यंत आवाज पोचतो. तीस मुलं असली की ओळ पंचवीस-तीस मीटर लांब होते, मागच्यांना पुढच्यांच्या पाठपिशव्या दिसतात आणि तिथूनच दंगा सुरू होतो. म्हणून एका मार्गदर्शकामागे दहा-बारा मुलं आणि शेपटाला एक मोठं माणूस, एवढं नक्की करून घ्या. अंतर दीड ते दोन किलोमीटर आणि वेळ दोन तास. तेवढ्या वेळात पाच किलोमीटर चालवणारी फेरी व्यायामाला ठीक आहे, बघायला नाही.

चांगला मार्गदर्शक नावं कमी सांगतो आणि थांबतो जास्त. सागाचंच घ्या. पावसात फुटलेलं सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतात, हे एकदा झालं की साग कोणी विसरत नाही. (संरक्षित जंगलात पान तोडायचं नाही, वाऱ्याने पडलेलं ताजं पान शोधा.) ऑक्टोबरला त्याच सागाची पानं जाळीसारखी झालेली दिसतात, कारण एका पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधला हिरवा भाग खातात. त्याच सुमारास दोन झाडांमध्ये मोठ्या रानकोळ्याचं जाळं लागतं, उन्हात त्याचे धागे पिवळसर चमकतात. मधोमध बसलेली मादी सगळ्यांना दिसते, तिचं नुसतं अंगच चार-पाच सेंटीमीटर भरतं. तिथे गप्प राहून मुलांना विचारायचं, ‘अजून कोण आहे जाळ्यात?’ दोन-तीन मिनिटांनी कुणालातरी कडेचा जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा तांबूस नर सापडतो. ही दोन-तीन मिनिटं ज्या फेरीत मिळत नाहीत तिचे पैसे वाया गेले असं समजा.

साहित्यात दुर्बिणीवर खर्च करू नका, आठ वर्षांखालच्या मुलांना ती डोळ्यांना लावून पक्षी शोधणं जमत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि चार फूट सुतळी पुरते. सुतळीचा एक-एक फुटाचा चौकोन पाचोळ्यावर टाकायचा आणि दहा मिनिटं फक्त तेवढीच जागा बघायची. दगड उलटायचा तर मोठ्यांनीच, पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलवायचा, म्हणजे खाली विंचू असला तर तो पलीकडे पळतो. मग दगड होता तसाच ठेवायचा, नाहीतर खालची ओल जाऊन तिथले जीव मरतात.

कारवीच्या झुडपांचा फुलोरा दाखवतो म्हणून कोणी नोंदणी घेत असेल तर वर्ष तपासा. ती आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. बोरिवलीत २०१६ नंतर २०२४ ला फुलली, पुढची पाळी २०३२ ची.

कपडे पूर्ण बाह्यांचे, मळकट रंगाचे, पायात बंद बूट. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर मुलाला ओढ्यात उतरवू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. खाऊ प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका: दारावर अडवतात, आणि पिशवी खुळखुळली की माकडं मुलाच्या हातातूनच ओढतात. डबा पाठपिशवीत ठेवा आणि बसूनच उघडा, चालताना नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारीत खरा त्रास खाजकुयलीचा. वाळलेल्या शेंगांवरची सोनेरी लव वाऱ्याने उडून मानेवर बसते आणि मूल खाजवून ती अंगभर पसरवतं. चोळायचं नाही, लगेच पाणीही ओतायचं नाही. आधी चिकटपट्टी हलकेच दाबून उचलायची, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन, आणि मग साबणाने धुवायचं. फेरीआधी मार्गदर्शकाला विचारा, पिशवीत चिकटपट्टी आहे का. कशाला म्हणून त्याने उलट विचारलं, तर हिवाळ्यात त्याच्याबरोबर मुलांना पाठवू नका.