गवळीदेव : रबाळ्याच्या कंपन्यांमागचा ओढा

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला पारसिकचा डोंगर कँटीनच्या खिडकीतून बारा महिने दिसतो. एप्रिल-मेमध्ये पार करपलेला असतो आणि जुलैत असा काही हिरवा होतो की सेकंड शिफ्टला पंच मारायच्या आधी जाऊन यावंसं वाटतं. मी जातो. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर, आणि शक्यतो ओढ्याच्या कडेकडेने. त्यामुळे हा रिव्ह्यू गवळीदेवच्या धबधब्याचा कमी आणि त्या वाटेचा जास्त आहे. धबधब्याच्या रील्स पैशाला पासरी मिळतील. त्या बघून रविवारी जी जत्रा तिथे जमते तिला माझ्याकडून पाचपैकी एक. वाटेला चार.

पोचणं सोपं. ठाण्याहून वाशी, नेरूळ किंवा पनवेल, कुठलीही ट्रान्स हार्बर लोकल पकडा, रबाळे किंवा घणसोलीला उतरा, रिक्षात बसून 'गवळीदेव' म्हणा. पुढचा रस्ता म्हणजे टँकर, खड्डे आणि रसायनांचा वास. ठाण्याहून पहिल्यांदा आलेला माझा मेहुणा वाटेत तीनदा म्हणाला, "दाजी, नक्की इकडेच ना?" इकडेच. कंपन्यांच्या भिंती संपतात, झाडं दाटतात, आणि थोडं आत गेलं की कॉम्प्रेसरचा आवाज मागे पडून पाण्याचा सुरू होतो. हा बदल इतक्या पटकन होतो की माझ्या मते अर्धे मार्क तिथेच वसूल.

ज्या रांगेतून १९१६ साली रेल्वेने पारसिकचा बोगदा काढला, तीच ही रांग. काळा बसाल्ट. कातळावर माती बेताचीच, त्यामुळे पाऊस फारसा मुरत नाही, सरळ उतारावरून ओढ्यात येतो. म्हणूनच हे धबधबे पावसाळ्यापुरते असतात. दिवाळीनंतर जाऊन 'काहीच नाही तिथे' असा एक स्टार देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. एखादा मोठा पाऊस होऊन गेला आणि मग दिवसभर उघडीप मिळाली, की त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सगळ्यात चांगली. पाणी भरपूर असतं आणि नितळही.

वर जाताना दोन्ही बाजू जवळ येतात आणि ओढा घळीतून वाहायला लागतो. इथे बहुतेक लोक मान वर करून धबधबा शोधत पुढे निघून जातात. मी म्हणतो, थांबा आणि खाली बघा. गुडघाभर उंचीवरून पाणी पडतं अशा एका जागी कातळात रांजणखळगा झालाय, जेमतेम पातेल्याएवढा. मेहुण्याची मुलगी तिसरीत आहे, तिने त्यात हात घातला आणि ओरडलीच, "काका, आत दगड फिरतायत!" खरंच फिरत होते. पाच-सहा गोटे, एकूण एक गुळगुळीत. पाणी भोवऱ्यासारखं फिरवतं, गोटे खळग्याच्या भिंती घासतात, भिंती गोट्यांना घासतात, आणि दर पावसाळ्यात खळगा थोडा खोल होतो. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात हेच प्रचंड प्रमाणावर बघायला लोक लांबून येतात. इथे ते ऑफिसच्या मागे आहे. पोरगी तिथून हलेना. एक खेकडा कपारीतून अर्धा बाहेर येऊन आमच्याकडे बघत होता, त्यालाही बहुधा आम्ही निघावं असंच वाटत असणार.

पुढच्या मोठ्या धारेबद्दल मला फार काही सांगायचं नाही. चांगली आहे. देवकुंडासारख्या मोठ्या धबधब्याची अपेक्षा ठेवून येऊ नका. ओढा सोडून वर मोकळ्यावर आलात तर ढग नसताना ऐरोली, ठाण्याची खाडी आणि पलीकडे मुलुंडपासून येऊरपर्यंतची रांग दिसते.

बुटांबद्दल विचारणारे फार असतात. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट, सह्याद्रीत फिरणारे निम्मे लोक वापरतात तेच, मला पुरेसे वाटतात. ओल्या कोरड्या दोन्ही कातळांवर धरतात. वॉटरप्रूफ महागडे बूट या वाटेला आणू नका. घोट्याच्या वरून पाणी आत गेलं की ते आतच राहतं आणि दिवसभर दोन बादल्या ओढत चालावं लागतं. आणि हिरव्या शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, कितीही किंमत मोजा. काळा खरखरीत दगड दिसेल तिथेच पाय टाका.

आता पैसे घेऊन नेणाऱ्या ग्रुपबद्दल. माझा भाचा डोंबिवलीहून अशाच एका ग्रुपबरोबर आला होता. सातशे रुपये, त्यात गार पोहे, चहा आणि मोबाईलवर आलेलं सर्टिफिकेट. चाळीस जणांमागे दोन लीडर, त्यातला एक पूर्ण वेळ ड्रोनच्या मागे. पाऊस वाढला तरी 'फोटो झाले की निघू' चाललेलं. लोकलचं तिकीट आणि रिक्षाभाडं एवढ्यात होणाऱ्या वाटेला सातशे मोजायचेच असतील तर निदान ढगांकडे लक्ष ठेवणारा माणूस तरी मिळायला हवा.

कारण या वाटेवर खरी भीती पाणी अचानक चढण्याची. माती कमी असल्याचा हा दुसरा परिणाम. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वरच्या अंगाला सर कोसळली असेल, तरी लोंढा खाली यायला वेळ लागत नाही. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, आवाज जड झाला, की बॅग भरत बसायचं नाही, बाजूला चढायचं. ओढा ओलांडून पलीकडे डबा खायला बसणारे मला कळतच नाहीत. परतीच्या बाजूलाच बसावं ना! रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर गुपचूप घरी भजी तळावीत.

दर पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. पूर्वीचं कलम १४४, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३. निघायच्या आधी त्या दिवशी वाट सुरू आहे का बघा, आणि पोलीस किंवा वनरक्षक परत जा म्हणाले तर वाद न घालता परत फिरा. त्यांची बाजू मला पटते. मात्र रविवारी बाटल्या घेऊन येणाऱ्यांना आवरता येत नाही म्हणून बुधवारी सकाळी पक्षी बघायला आलेल्या आजोबांनाही त्याच दोरीपाशी अडवायचं, हा कंटाळवाणा उपाय आहे. ठरावीक संख्या, ठरावीक वेळ आणि तिकीट लावलं तर मी आनंदाने भरेन.

तो कापलेला एक मार्क कचऱ्याचा. कुरकुऱ्यांची पाकिटं, एकेक चप्पल, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. पाण्यात अनवाणी उतरू नका ते यासाठी. शिवाय वर ज्या पाण्यात खेकडे राहतात, ते खाली कंपन्यांच्या मधून नाला होऊन जातं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे खाडीला मिळतं. ही खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आमच्या शेडच्या मागच्या कठड्यावर चहा घेताना दिसणाऱ्या पाण्याचा रंग मी इथे लिहीत नाही, पण हात घालावा असा तो नाही. हे वाटेचे मार्क नाहीत खरं तर, आमचेच आहेत.

सोयींच्या नावाने आनंद. टॉयलेट स्टेशनवरच उरकून या, पाणी आणि खाणं बरोबर घ्या, सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना ओढ्यात न उतरवता पायवाटेनेच न्या, त्यांनाही पाण्याचा आवाज मिळतोच. सात-साडेसातला चालायला लागलात तर अकरापर्यंत खाली येता. रबाळे स्टेशनबाहेर गरम वडापाव मिळतो आणि मला घरी जाऊन, आंघोळ करून तीनची शिफ्ट गाठता येते.