जेंटू आठ महिने वापरल्यावर: मोठा एन की मोठा यू?

पलीकडच्या शेडमधली लेथ गप्प झाली की उद्यमनगरात कुणाला सांगावं लागत नाही, वीज गेली. जेंटू म्हणजे सॉफ्टवेअर सोर्स कोडमधून आपल्याच मशीनवर बांधून (कंपाइल करून) घेणारं लिनक्स. गेल्या महिन्यात लेथ गप्प झाली तेव्हा माझ्या मशीनवर क्यूटी वेबइंजिन, म्हणजे वेबपानं दाखवणारं एक अवजड पॅकेज, सहा तास कंपाइल होत होतं. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला. वीज आल्यावर इमर्ज --रिझ्यूम (अर्धवट राहिलेली यादी पुढे चालवायची आज्ञा) दिलं, तर पॅकेज पुन्हा पहिल्यापासून! सहा तासांचं बिल पाण्यात.

राग विजेचा नव्हता. वेबइंजिनचं व्हर्जन तेच होतं, मग ते बांधायला निघालंच का?

--प्रिटेंड --व्हर्बोज लावून, म्हणजे काही न बांधता, तपशिलासह यादी पाहिली. कंसात नुसता मोठा आर (तेच व्हर्जन पुन्हा बांधणार), आणि एका फ्लॅगच्या शेपटीला टक्क्याचं चिन्ह. म्हणजे ईबिल्डमध्ये (पॅकेज बांधायच्या कृतीत) नवा यूज फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करायचा खटका) आलाय. माझ्याकडे तो बंदच होता, पण मी पहिल्या दिवसापासून अपडेटच्या आज्ञेला जोडायची ‘यूडीएन’ ही अक्षरं पाठ केलेली. त्यातला मोठा एन म्हणजे --न्यूयूज. फ्लॅगांची नुसती यादी बदलली तरी त्याच्या लेखी पॅकेज शिळं. पायथन टार्गेट्समध्ये (पॅकेज कोणत्या पायथनसाठी बांधायचं ते सांगणाऱ्या फ्लॅगांमध्ये) नवी आवृत्ती आली की पायथनची पॅकेजेस याच कारणाने रांग लावतात.

त्याऐवजी मोठा यू द्या, --चेंज्ड-यूज. तुम्ही चालू न केलेला फ्लॅग आला काय, गेला काय, तो ढुंकून बघत नाही. मेक.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही स्वतः फ्लॅग फिरवला तर मात्र बांधतो. त्या संध्याकाळी माझी यादी ४३ वरून ६ वर आली. एवढ्या एका अक्षरासाठी मी जेंटूला पाचपैकी पाच देतो.

त्या सहांतही दोन जुन्याच व्हर्जनची होती. मी चिडून कंट्रोल-सी दाबलं, आणि ते चुकलं. त्यांच्यासमोर मोठ्या आरआधी छोटा आर होता. खालच्या लायब्ररीचा सबस्लॉट (तिच्याशी जुळणी बदलली हे सांगणारा आकडा) बदलला की तिच्यावर बांधलेलं पॅकेज पुन्हा बांधावंच लागतं. छोटा आर दिसला तर हात लावू नका.

माझं एक मत पूर्ण बदललं, ते डेपक्लीनबद्दल, म्हणजे नको असलेली पॅकेजेस काढणाऱ्या आज्ञेबद्दल. डिस्क वाचवायला मी --विथ-बीडेप्स=एन देऊन सीमेकसारखी फक्त बांधणीला लागणारी हत्यारं काढून टाकायचो. पुढच्या अपडेटला तीच परत कंपाइल व्हायची. काही एमबी वाचवायला तासभर प्रोसेसर तापवायचा, हा कसला हिशेब! आता डिफॉल्टला हात लावत नाही.

२९ डिसेंबर २०२३ ला जेंटूने तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या) पॅकेजेसचा मोठा साठा खुला केला, ते मी इतके दिवस मनावर घेतलं नव्हतं. आता वेबइंजिनपुरतं --गेटबिनपीकेजी (बायनरी उतरवून घेणारा पर्याय) वापरतो. --बिनपीकेजी-रिस्पेक्ट-यूज=वाय ठेवलंय, त्यामुळे फ्लॅग तंतोतंत जुळले तरच बायनरी येते. त्यासाठी पॅकेज.यूजमधली (पॅकेजनिहाय फ्लॅगांच्या फाइलमधली) माझी एक हौसेची ओळ पुसावी लागली. पुसली.