वीज जाणाऱ्या गावातले लिनक्स गेमिंग : बझाइट, प्रोटॉन आणि रेडिऑन आरएक्स ६६००

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नांदेड, परभणी, लातूर या भागातील अनेक घरांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत चांगले चालणारे संगणक एकाएकी जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि आपल्याकडे असेंबल करून घेतलेला संगणक सहा-सात वर्षे तरी चालवायचाच असतो. तेव्हापासून महाविद्यालयीन मुलांकडून एकच प्रश्न वारंवार येतो की, लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली टाकली तर गेम चालतील का. माझे उत्तर असे आहे की, एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात आणि अनेकदा अपेक्षेपेक्षा चांगले चालतात. स्पर्धेच्या ऑनलाइन गेमचे मात्र दार काही ठिकाणी बाहेरून बंद करून ठेवले आहे. पुढील परीक्षण ज्या संगणकावर आधारलेले आहे त्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी मॉनिटर आहे. हा संगणक नांदेडला पत्र्याच्या छताखालच्या खोलीत चालतो, आणि कडक उन्हाळ्यात ही गोष्ट प्रोसेसरच्या वेगाइतकीच महत्त्वाची ठरते.

या सगळ्याच्या मुळाशी प्रोटॉन आहे. वाइन हा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी झटत आहे. वाल्व कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच पायावर प्रोटॉन उभे केले आणि ते स्टीम या आपल्या गेम विकणाऱ्या ॲपच्या आतच बसवले. गेमने डायरेक्टएक्स ९ ते ११ मध्ये, म्हणजे विंडोजच्या चित्रभाषेत, चित्र मागितले तर प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके ती मागणी लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कन या चित्रभाषेत बदलते, आणि डायरेक्टएक्स १२ साठी तेच काम व्हीकेडी३डी-प्रोटॉन करते. खेळणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. स्टीममध्ये गेम उतरवून घ्यायचा आणि प्ले दाबायचे. एल्डन रिंग हे याचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण आहे. २०२२ च्या सुरुवातीला हा गेम आला तेव्हा विंडोजवर तो चालता चालता अडखळत असे. वाल्वच्या अभियंत्यांनी लगेचच आपल्या बाजूने दुरुस्ती केली आणि स्टीम डेक या वाल्वच्या हातात धरून खेळायच्या लिनक्स यंत्रावर तो अधिक सुरळीत चालू लागला. त्या गेममध्ये ईझी अँटी-चीट ही ऑनलाइन फसवणूक रोखणारी प्रणाली आहे, तरीही प्रोटॉनवर तो ऑनलाइन खेळता येतो.

नव्या गेमपैकी हॉलो नाइट : सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये लिनक्सच्या स्वतंत्र आवृत्तीसह आला, त्यामुळे तेथे प्रोटॉनची गरजच पडत नाही, आणि आरएक्स ६६०० ला तर त्याचा भारही जाणवत नाही. क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३ हा अनरिअल इंजिन ५ या गेम बनवण्याच्या साधनावर बांधलेला असल्याने जड आहे. मध्यम सेटिंग आणि अपस्केलिंग (लहान काढलेले चित्र मोठे करून दाखवणे) ठेवून तो समाधानकारक चालतो; आळीपाळीने लढायचा गेम असल्यामुळे मधूनच फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रे, घसरल्या तरी फारसे बिघडत नाही, पण शत्रूचा वार परतवण्याचा क्षण नेमका साधायचा असेल तेव्हा ती घसरण खटकते. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरेखुरे परिणाम दाखवणारी जड सोय) बंद ठेवून उत्तम चालतो. बॉल्डर्स गेट ३ ला सप्टेंबर २०२५ मध्ये स्टीम डेकसाठी लिनक्सची आवृत्ती मिळाली, ही बातमी मला कोणत्याही नव्या कार्डाच्या घोषणेपेक्षा मोठी वाटली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील राजी हा गेम मराठी घरांतील मुलांना मी आवर्जून सुचवतो. दुर्गेने दिलेले त्रिशूळ हाती घेऊन लढणारी नायिका आणि राजस्थानी वास्तुशैलीचे महाल बघण्यासारखे आहेत, आणि त्याला भारी कार्ड लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्टीम स्वतःहून समजावून सांगत नाही. गेम सुरू करण्याआधी स्टीम तयार शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी चित्र रंगवण्याच्या छोट्या सूचना, उतरवून घेते आणि मोठ्या गेममध्ये त्यासाठी बराच डेटा जातो. मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावर इंटरनेट वापरणारे अनेक जण म्हणून ती सोय बंद करतात. रेडिऑनच्या नव्या ड्रायव्हरमध्ये ती बंद केल्याने खेळताना फारसे झटके बसत नाहीत, हे खरे आहे. तथापि काही गेममधील कथेचे व्हिडिओसुद्धा याच वाटेने, लिनक्सवर चालतील अशा रूपात येत असतात. सोय बंद असेल तर संवाद सुरू होण्याच्या जागी जुन्या दूरदर्शनसारखे रंगीत पट्टे दिसतात, मागे आवाज असतो किंवा तोही नसतो, आणि खेळणाऱ्याला गेम बिघडला असे वाटते. अशा वेळी सोय पुन्हा चालू करावी, किंवा जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवकांनी सांभाळलेली आवृत्ती निवडावी. ती असे बहुतेक व्हिडिओ थेट वाजवते.

आता बझाइटविषयी. ही फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली प्रणाली आहे, स्टीम तिच्यात आधीपासून असते आणि एनव्हिडियाच्या कार्डांसाठी तिची वेगळी प्रत मिळते. गेमच्या वेगाच्या बाबतीत उबंटू, फेडोरा आणि बझाइट यांत मला सांगण्यासारखा फरक आढळला नाही, आणि ‘सर्वात वेगवान डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणती’ या चर्चेत वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बझाइट मी सुचवतो ते वेगळ्याच कारणासाठी. साध्या प्रणालीत अपडेट चालू असताना वीज गेली तर अर्धी पॅकेजे नवी आणि अर्धी जुनी अशी अवस्था होऊ शकते, आणि मग संगणक सुरूच होत नाही. बझाइट नवी प्रणाली पूर्णपणे बाजूला रचते. ती रचून पूर्ण होईपर्यंत चालू प्रणालीला हात लावत नाही आणि पुढच्या वेळी संगणक सुरू करताना नव्या प्रणालीकडे वळते. मध्येच वीज गेली तर जुनी प्रणाली जशीच्या तशी राहते, आणि नव्या अपडेटने काही बिघडवले असेल तर सुरुवातीच्या यादीतून आधीची प्रत निवडता येते. जेथे उन्हाळ्यात दुपारी वीज जाणार हे गृहीत धरूनच दिवसाची आखणी होते, तेथे या एका गुणाचे मोल दहा-पाच जास्तीच्या फ्रेमपेक्षा कितीतरी अधिक आहे. या पद्धतीची किंमतही आहे. अपडेट आकाराने मोठी असतात आणि प्रणालीच्या गाभ्यात एखादे पॅकेज घालायचे असेल तर तो व्याप वाटतो. रोजची ॲप मात्र गाभ्याला हात न लावणाऱ्या फ्लॅटपॅक या पद्धतीने सहज बसतात.

आरएक्स ६६०० हे कार्ड ऑक्टोबर २०२१ चे आहे, म्हणजे नवे नाही, पण आपल्या परिस्थितीत त्याचा १३२ वॅटचा मर्यादित वीजवापर फार उपयोगी पडतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. हे कार्ड, ६५ वॅटचा प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्या मर्यादेत राहतात, त्यामुळे वीज गेल्यावर गेम सेव्ह करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ हाती राहतो. उन्हाळ्यात मी फ्रेमची मर्यादा ६० वर बांधतो आणि लॅक्ट या ॲपमधून पंख्याचा वेग लवकर वाढेल अशी मांडणी करतो. पंख्याचा आवाज वाढतो, परंतु मे महिन्यात खोलीचे तापमान चाळिशीला टेकलेले असताना कार्ड सलग चालत राहते. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ दर पंधरवड्याला पुसली नाही तर यातले काहीही कामाला येत नाही.

रेडिऑन निवडण्याचे मोठे कारण ड्रायव्हर आहे. तो लिनक्समध्येच असतो, वेगळा बसवावा लागत नाही, आणि त्यातील आरएडीव्ही हा व्हल्कन ड्रायव्हर वाल्वचे लोक व स्वयंसेवक मिळून सतत सुधारत असतात. २०१७ च्या आरएक्स ५८० साठी एएमडीने विंडोजवरील ड्रायव्हर २०२३ पासून गरजेपुरतेच द्यायचे ठरवले. लिनक्सवर त्याच कार्डाला आरएडीव्हीच्या सुधारणा अजूनही मिळत आहेत. एनव्हिडियाची परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरपासून वेलँडवरील (लिनक्सची पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी पद्धत) लुकलुकणे थांबले आहे, पण डायरेक्टएक्स १२ चे गेम विंडोजच्या तुलनेत तेथे जाणवण्याइतके मंद चालतात. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे की, त्या पिढीसाठी ५८० क्रमांकाची शाखा ही ड्रायव्हरची शेवटची आहे. बाजारात अजूनही विकले जाणारे जीटी ७१० तर घेऊच नये, कारण डीएक्सव्हीकेच्या २०२२ नंतरच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते आणि ते त्या कार्डाला जमत नाही. संगणक टीव्हीला जोडणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने रेडिऑन बनवणाऱ्या एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ ला परवानगी नाकारली हे २०२४ मध्ये उघड झाले. त्यामुळे फोर-के आणि १२० हर्ट्झ हवे असल्यास डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्यावा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची हमखास तक्रार अशी असते की, प्ले दाबल्यावर बटण क्षणभर बदलते, पुन्हा प्लेवर येते आणि गेम काही उघडत नाही. बहुतेक वेळा याचे कारण विंडोजच्या एनटीएफएस या मांडणीच्या ड्राइव्हवर ठेवलेली गेमची लायब्ररी हे असते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटे विंडोज तयार करते, आणि त्यातील एका फोल्डरमध्ये ‘सी’ आणि ‘झेड’ या ड्राइव्हच्या नावांचे, पुढे कोलन असलेले दुवे असतात. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. लिनक्सने तो दुवा कसाबसा लिहिला तरी पुढे विंडोजची डिस्क तपासणी त्याला बिघाड समजते. गेमसाठी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या मांडणीचा वेगळा भाग डिस्कवर करावा, हाच खात्रीचा उपाय आहे. डेटा वाचवण्यासाठी एकच प्रत दोघांत वापरण्याचा मोह टाळावा.

ऑनलाइन गेमविषयी मला मनापासून वाईट वाटते, कारण येथे अडचण तंत्राची कमी आणि निर्णयाची जास्त आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणाली २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेमच्या निर्मात्याने तशी परवानगी द्यावी लागते. रॉकस्टारने सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लावले, परवानगी दिली नाही, आणि आधी चालणारा गेम लिनक्सवर बंद पडला. कथेचा भाग तेवढा खेळता येतो. एपेक्स लेजंड्सने ऑक्टोबर २०२४ अखेर लिनक्सचे खेळाडू बाहेर काढले. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि बॅटलफील्ड ६ चालत नाहीत. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सचे व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारे साधन विंडोजच्या गाभ्यात बसते, त्यामुळे लीग ऑफ लेजंड्सही २०२४ पासून गेला. फसवणूक रोखायला हवी हे मला पूर्ण मान्य आहे, परंतु विकत घेतलेला गेम नंतर काढून घेणे हा ग्राहकावरचा अन्याय आहे. मित्रांचा गट व्हॅलोरंटच खेळत असेल तर लिनक्सकडे वळू नये, असे मी मुलांना स्पष्टपणे सांगतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्सवर थेट चालतात.

एपिक या स्टीमसारख्या दुकानाचे मोफत मिळणारे गेम हिरोइक लाँचरमधून खेळता येतात. मायक्रोसॉफ्टची पीसीवरची गेम पास ही वर्गणी चालत नाही. सोनीचा ड्युअलसेन्स कंट्रोलर लावताच ओळखला जातो, कारण त्याचा ड्रायव्हर खुद्द सोनीने लिनक्सला दिला आहे. कोणताही गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांचे अलीकडचे अनुभव वाचावेत, आणि तरी शंका राहिली तर स्टीमचा परताव्याचा नियम वापरावा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात.

स्टीम डेक वाल्व भारतात अधिकृतपणे विकत नाही, आणि बाहेरून आणलेल्या यंत्राची वॉरंटी येथे मिळणे कठीण, म्हणून मी तो सुचवत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्टीम मशीन या वाल्वच्या गेमिंग संगणकामध्ये सहा कोअरचा झेन ४ प्रोसेसर आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे. इतकी मेमरी पुढच्या काही वर्षांसाठी मला अपुरी वाटते. नवा संगणक जोडणाऱ्याने शक्य असल्यास १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी घ्यावे, आणि पैसे कमी असतील तर वापरलेले आरएक्स ६६०० पाहावे. नांदेडकरांना त्यासाठी सिकंदराबादचे सीटीसी हे संगणकांच्या दुकानांचे संकुल सोयीचे पडते. जाताना फेडोराचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स न बसवताच चालते) सोबत ठेवावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच त्यावरून संगणक सुरू करून पाहावा, म्हणजे कार्ड, आवाज आणि वाय-फाय तिन्ही तेथेच तपासून होतात. वाय-फायचा यूएसबी डोंगल तर असा तपासल्याशिवाय घेऊच नये, कारण खोक्यावर लिनक्सचे चित्र छापलेला एक डोंगल मला अशा ड्रायव्हरसह मिळाला होता, जो लिनक्सच्या दर नव्या कर्नलबरोबर (म्हणजे गाभ्याबरोबर) बंद पडत असे, आणि विकणाऱ्याने तो बदलून देण्यास साफ नकार दिला.